शिळं पाणी

मामाने ते दोन बेडूक आणले तेव्हा मी सहावीत होते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवते. कारण पुढे जे झालं ते बेडकांमुळे झालं असं आमच्याकडे अजूनही म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. बेडकांनी काही केलं नाही. ते बसून होते.

मामा मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. सुट्टीला येताना कधी पिशवीत मासा आणायचा, कधी नुसतीच रिकामी काचेची पेटी. त्या वर्षी मृगाच्या आधी आला तो श्रीखंडाचे दोन डबे घेऊन. आईने हौसेने झाकण उघडलं आणि किंचाळली. ओल्या काथ्याच्या भुश्श्यात रुपयाएवढा एक हिरवट गोळा रुतून बसला होता. डोळ्यांवर दोन टोकं, शिंगांसारखी, आणि तोंड इतकं रुंद की अंगाला दुसरं काही शिल्लकच नाही. दुसऱ्या डब्यात तसाच एक, पण लहान.

"ताई, हा आपला डबक्यातला नाही. बाहेरदेशचा आहे. शिंगवाला," मामा म्हणाला.

"शिंगाचं जनावर गोठ्यात शोभतं, माझ्या स्वयंपाकघरात नाही," आई म्हणाली. पण डबे शेवटी चुलीजवळच्या फळीवरच गेले, कारण मामा म्हणाला त्यांना ऊब लागते.

जाताना त्याने मला बोटं मोजून सांगितलं. दोघांना एकत्र ठेवायचं नाही, मोठा धाकट्याला गिळेल. रोज एकेक गांडूळ द्यायचं. पाणी बुडण्याइतकं घालायचं नाही. आणि पाणी घालशील ते एक दिवस उघडं ठेवून, शिळं करून घाल. त्यातलं औषध उडून जातं. ताजं घातलंस तर संपले.

आता आमच्या घरात शिळं पाणी म्हणजे काय, हे मामाला थोडंच माहीत होतं. बाबा आरोग्य सेवक होते. मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे एका पाड्याला लागून आमच्या सरकारी खोल्या होत्या. गावाने बाबांना डाक्तर करून टाकलं होतं, पण त्यांचं खरं काम पाण्याचं. विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची आणि आठवड्यातून एकदा घरोघरी कोरडा दिवस पाळायला लावायचा. त्या दिवशी ज्याच्या दारात साठवलेलं पाणी सापडेल त्याचा हंडा बाबा स्वतःच्या हाताने उपडा करत. वर डासांवर भाषण. पाहुणे आलेले असले तरी.

विहिरीचं काम त्यांना सोपं गेलं नव्हतं. पाण्याला वास मारतो, डाळ शिजत नाही, बायकांना पोरं होत नाहीत, असं सगळं ऐकून घेत तीन पावसाळे त्यांनी घालवले होते. खाली डोंगरातून पाझरणारा झिरा, त्याचं पाणी दिसायला आरशासारखं. तो आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या शेतांच्या वाटेवर, आणि विहिरीला चढ. तरी हळूहळू बायका विहिरीवर यायला लागल्या होत्या. बाबा कुणाच्याही घरी शिरून काचेच्या नळीत हंड्यातलं पाणी घेत, वर औषधाचे थेंब टाकत. पाणी पिवळं झालं की त्यात पावडर आहे, म्हणजे विहिरीचं. नळी पिवळी झाली की त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू मुलगी पहिली आली.

मला पाणी रोज शिळं करायचा कंटाळा. मी न्हाणीमागे तेलाच्या जुन्या डब्यात एकदम आठवड्याचं भरून ठेवलं, वर फळकूट टाकलं, आणि बाबांना कळू दिलं नाही. गांडुळांचं काम समोरच्या घरातली वहिनी करायची. वहिनी म्हणजे माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठी, अंगावर दीड वर्षाची पोर. रानातून येताना सागाच्या पानात गांडुळं गुंडाळून आणायची. तिची पोर माझ्या काखेत, आणि आम्ही तिघी फळीपुढे. बेडूक तासन् तास हलायचा नाही. मेला की काय वाटायचं. मग गांडूळ नाकापुढे आलं की झडप, आणि पुढच्या दोन हातांनी उरलेलं तोंडात कोंबणं. पोर दर वेळी दचकायची आणि दर वेळी हसायची.

"ह्याला माणूस मावंल तर माणूस बी खाईल," वहिनी म्हणायची. ती हसत म्हणायची, पण पोरीचं बोट धरून मागे ओढायची.

आषाढात पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावर जुलाब लागले. बाबा दोन दिवस तिकडेच होते. परत आले ते डोळे तारवटून, आणि आल्या आल्या आमच्या विहिरीत पावडरीची मात्रा वाढवली. मग घराभोवती फिरताना त्यांना माझा तेलाचा डबा सापडला. आत अळ्या वळवळत होत्या. डाक्तरच्याच घरात! त्यांनी डबा गटारात उपडा केला, मला हाक मारली, मी शाळेत. मग त्यांना वाटलं, बिचाऱ्या बेडकांनाही हेच घाण पाणी मिळतंय. म्हणून त्यांनी विहिरीची ताजी घागर घेतली आणि धाकट्याचं पाणी बदललं. मोठ्याच्या डब्यात हात घातला तर त्याने बोटाला कडकडून चावा घेतला. बाबा वैतागले आणि त्याला तसाच सोडून गेले.

मी आले तेव्हा धाकटा पाय ताणून पडला होता. मांड्यांच्या आतली कातडी लालभडक. सारखं तोंड उघडत होता, पण आवाज नव्हता. मी त्याला हातावर घेतलं तेव्हा तो एकदाच हलला. मोठा पलीकडे भुश्श्यात बसून माझ्याकडे बघत होता.

बाबा संध्याकाळी आले आणि त्यांनी त्या डब्यातलं पाणी नळीत घेतलं. पिवळं नाही, केशरीच झालं. ते माझ्याशेजारी खाली बसले.

"माझ्या पाण्याने गेला बघ," ते म्हणाले. "बेडूक कातडीने पाणी पितो. आपल्याला जे सोसतं ते त्याला नाही सोसत. शिळं झालं असतं तर काही झालं नसतं. मला माहीत नव्हतं."

आई आतून म्हणाली, "हे बाहेर बोलू नका कुणी."

"लपवायचं काय त्यात? कर नाही त्याला डर कशाला?" बाबा म्हणाले.

एवढं स्वच्छ सगळं सांगितलं होतं त्यांनी मला. आणि मी दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर काय सांगितलं? बाबांच्या औषधाने माझा बेडूक मेला. बस. पुढचं सांगायला मला वेळ नव्हता, कारण मला रडू येत होतं आणि पाच-सहा बायका हंडे खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. असं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं. बेडूक कसा लाल झाला, तोंड कसं उघडत होता, सगळं मी करून दाखवलं.

मी झिऱ्यावर गेले होते तीही मोठ्यासाठीच. घरात आता पाणी साठवायची चोरी, आणि विहिरीच्या पाण्याची मला धास्ती. म्हणून रोज तांब्याभर झिऱ्याचं पाणी आणून त्याला घालायचे. तो झोकात होता. आठवड्यात चांगला फुगला, शिंगं उठून दिसायला लागली. बायका येता-जाता खिडकीतून बघून जात. विहिरीचं पाणी घातलेला मेला, झिऱ्याचं घातलेला जगतोय. हातच्या काकणाला आरसा कशाला? मला कुणी विचारलं की मीही हो म्हणून मान हलवायचे. ती मान हलवणं मला आज पन्नास वेळा तरी आठवतं.

बाबांना ते आधी विहिरीच्या कठड्यावरून कळलं. दोर घासून घासून जिथे दगड गुळगुळीत असायचा तिथे शेवाळ धरलं होतं, म्हणजे कुणी पाणी काढत नव्हतं. मग ते नळी घेऊन घरोघरी गेले. एकही नळी पिवळी झाली नाही. वहिनीच्या घरी त्यांनी विचारलं तेव्हा तिची सासू म्हणाली, "डाक्तर, तुमच्याच घरात बेडूक मेला ना? मंग आमची पोरं काय बेडकापरीस मोठी हायेत का?"

ते घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. आईने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"उद्या तू माझ्याबरोबर विहिरीवर चल," ते मला म्हणाले. "सगळ्यांपुढे पाणी पी, आणि शिळ्या पाण्याचं सांग. मी सांगून ऐकणार नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील."

मी हो म्हटलं. सकाळी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले. खोटं बोलले असं कबूल करायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आणि मी खोटं बोलले नव्हतेच, असंही मी स्वतःला समजावत होते. दुसऱ्या दिवसापासून असा पाऊस लागला की कुणी कुणाच्या दारात जाईना. बाबा इरलं घेऊन एकटेच दारोदार जायचे, पाणी उकळा, निदान उकळा, असं सांगायचे. ओली लाकडं, धुराने भरलेली घरं. चूल भाकरीपुरती पेटेना, तिथे पाणी कोण उकळणार? तीन दिवस झिऱ्यात डोंगरावरचं गढूळ उतरत होतं. बेडकाला बघायला फळीपुढे कुणी येत नव्हतं. मी गांडुळासाठी परसात उकरायचे आणि तो ते खायचा. त्याची भूक काही कमी झाली नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे वहिनीचा नवरा दाराशी आला. पोरीला रात्रीपासून जुलाब. बाबांनी घरातली होती तेवढी जीवनजलाची पाकिटं उचलली. मी मागोमाग गेले. जी माझ्या काखेत मावायची ती पोर गोधडीवर होती, डोळे खोल गेलेले, तोंड उघडं. चमच्याने घातलेलं पाणी कडेने बाहेर येत होतं. मी ते तोंड पाहिलं आणि मला कळलं की असं तोंड मी आधी पाहिलं आहे. मी बाहेर पळाले.

जीप मिळाली ती दहानंतर. ओहोळावरच्या फरशीच्या बुटक्या पुलावरून पाणी जात होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. बाबा बरोबर गेले होते. ते दुपारी परत आले, जीपमधून नाही, चालत. त्यांच्या पाठीमागून वहिनी, तिच्या हातात गोधडी तशीच गुंडाळलेली. मला वाटलं बरी होऊन आली. क्षणभर खरंच वाटलं.

पाड्यावर आणखी नऊ-दहा जण आजारी पडले, ते वाचले. त्यानंतर बायका आपण होऊन विहिरीवर जायला लागल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही. एक दिवस बाबांनी स्वतः विहिरीचं पाणी एका पातेल्यात काढलं, वर फडकं बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी नळीत घेऊन मला दाखवलं. पांढरं स्वच्छ; औषध उडून गेलं होतं. मग ते मोठ्याच्या डब्यात ओतलं. त्याला काही झालं नाही. फडकं बांधलेलं ते पातेलं मग कोरड्या दिवशीही तिथेच असायचं.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनी आली. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. तिच्या काखेत हंडा, आणि हातात सागाचं पान.

"जगतोय का तो अजून?" तिने विचारलं.

"जगतोय."

ती आत येऊन फळीपुढे उभी राहिली. पान उघडून गांडूळ पुढे धरलं. त्याने झडप घातली. ती दचकली नाही. सवयीने तिचा एक हात मात्र मागे गेला, पोरीला ओढायला.

"रानात हात आपसूक जातो उकरायला," ती म्हणाली. मग तिने वाकून डब्यात बघितलं. "आता कोणचं पाणी घालतंस?"

"विहिरीचं."

"मंग मरत नाय?"

"नाही. एक दिवस शिळं केलं की मरत नाही."

"हे तुला तवा ठावं होतं?"

मी खोटं बोलले असते तरी तिने मानलं असतं. मी म्हटलं, "हो. मामाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

ती रागावली नाही. तिने पान चुरगाळून चुलीत टाकलं, हंडा काखेला घेतला आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मंग बोलली का नाय गं? तू तर सगळंच बोलतंस."

ती वर विहिरीकडे गेली. मी दारातच उभी होते. बाबा विहिरीवर होते. त्यांनी तिच्या हातातला दोर घेतला आणि तिचा हंडा भरून दिला.