पाचांपैकी एकाला पदक

दशरथ ओव्हाळ सैन्यात सुरुंग काढायचं काम करायचे. तीसेक वर्षांपूर्वी ते शांतिसेनेबरोबर सोमालियाला गेले. तिथे दुसऱ्या एका देशाच्या तुकडीला रस्ता मोकळा करून हवा होता, म्हणून दशरथ आणि आणखी चौघांना तिकडे पाठवलं. मोहीम संपल्यावर पदकांसाठी नावं गेली. आपल्या तुकडीने धरलं, यांची नावं ते लोक पाठवतील. त्या लोकांना वाटलं, ही माणसं आपली नव्हेतच. पाचही जण दोन्हीकडून सुटले.

दशरथनी ते मनावर घेतलं नव्हतं. पुण्याजवळच्या मांजरीत घर झालं, मुलगी मैत्री नोकरीला लागली. मग पाचांतला वैजनाथ पुसदकडच्या आपल्या गावी वारला. दशरथ अंत्यविधीला गेले, तेव्हा चितेजवळच कुणीतरी म्हणालं, "गेला बिचारा सोमालियावाला!" दोघंतिघं फिसकन हसले. परदेशात होतास तर पदक कुठंय, असं विचारून गावाने त्याला जन्मभर थापाड्या ठरवलं होतं. पुण्याला परतल्यावर दशरथनी पाचही जणांच्या वतीने अर्ज केला.

बऱ्याच वर्षांनी सुनावणी लागली. वैजनाथची बायको द्वारका एसटीने स्वारगेटला उतरली. मैत्रीने दोघांना गाडीतून नेलं. दारावरचा शिपाई कागद बघून म्हणाला, "नंबर आल्याशिवाय आत सोडत नाही. सोमालियाचे असा नाहीतर इथल्या सोमाटण्याचे."

आत तिघांची समिती होती. अध्यक्ष म्हणाले, "ओव्हाळ, तुमचं काम झालंय. त्या परदेशी तुकडीच्या लष्करी दवाखान्यात तुम्ही जखमी म्हणून दाखल होता, हे सिद्ध झालं. बाकी चौघांचा पुरावा नाही. तुमच्या एकट्याच्या पदकापुरती सही करा, प्रकरण बंद."

"आणि नाही केली तर?"

"सगळाच अर्ज फेटाळावा लागेल. तुमच्यासकट."

दशरथनी थोडा वेळ मागून घेतला. बाहेर येताच मैत्रीने त्यांचा हात धरला. "बाबा, सही करा. सत्तरी आली तुमची. अजून किती फिरणार?"

द्वारका पदराचं टोक पिळत म्हणाली, "घ्या भाऊजी. त्यांना आता काय फरक पडते?" पण तिने वर पाहिलं नाही.

दशरथ पुन्हा आत गेले.

"साहेब, मी त्या दवाखान्यात पोचलो कसा? मला चालता येत नव्हतं, शुद्ध येत-जात होती. चहूकडे सुरुंग. वैजनाथने मला पाठीवर घेतलं आणि स्वतःच्याच पावलांवर पाऊल ठेवत मागे आला. एक पाऊल चुकलं असतं तर दोघंही गेलो असतो."

"हे तुमचं म्हणणं झालं. पुरावा नव्हे."

"मग माझीही सही नाही."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. "फेटाळतोय मी. विचार पक्का?"

"पक्का."

तेवढ्यात समितीतले निवृत्त डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. "एक मिनिट. यांना आणलं कुणी, हे त्या दवाखान्याला आपण विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी पेनाचं टोपण परत लावलं. मग त्यांनी पुढची तारीख दिली.

मधले दिवस वाईट गेले. हातात आलेलं घालवलं म्हणून मैत्री वडिलांशी नीट बोलेना.

पुढच्या तारखेला त्या दवाखान्यातली एक म्हातारी नर्स व्हिडिओ कॉलवर आली. समितीने तिला जवानांचे बरेच जुने फोटो एकेक करून दाखवले. ती नुसती मान हलवत राहिली. द्वारकाने मैत्रीचं मनगट घट्ट धरलं होतं. एका फोटोशी नर्स एकदम पुढे वाकली. "हा! पेशंटने डोळे उघडेपर्यंत हा तंबूतून हलला नव्हता. मी ओरडले होते याच्यावर."

तो वैजनाथ होता. द्वारकाने तोंडाला पदर लावला. बऱ्याच वेळाने नर्सने पाचांतल्या हिंदुरावलाही ओळखलं. मच्छिंद्र आणि बद्रीनाथ मात्र तिला आठवेनात.

तीन पदकं मंजूर झाली. उरलेल्या दोघांची फाईल उघडी ठेवायला समिती कशीबशी तयार झाली.

द्वारकाने पदक थेट गावच्या चहाच्या हॉटेलात नेलं, गप्पा छाटत बसलेल्यांसमोर टेबलावर ठेवलं आणि स्वतःसाठी एक चहा सांगितला. तो संपेपर्यंत ती तिथेच बसली.

मच्छिंद्रचा मुलगा सोलापुरात असल्याचं नुकतंच कळलंय. मैत्रीने रजा टाकली आहे. सोमवारी बापलेक पुरावा शोधायला तिकडे निघतील.