लॉर्कनचं एक वाक्य

डिंफना ब्रॅनिगनला नवऱ्याच्या थडग्यावर एक वाक्य कोरून हवं होतं, आणि अख्खं डब्लिन शहर म्हणत होतं की ते वाक्य त्याचं नाहीच.

वाक्य काही मोठं नव्हतं. 'खरं बोलणाऱ्याकडे माणसं एकदाच येतात.' बस्स. दगड घडवणाऱ्या टर्लोनं ते वाचलं आणि तो खुदकन हसला.

"झकास! आणि खाली त्याचं नाव घालायचं ना?"

"कुणाचं?"

"अहो, ज्याचं वाक्य आहे त्याचं. आपल्या त्या लेखकाचं."

"माझ्या नवऱ्याचं आहे ते."

विधवा बाई काहीबाही बोलायला लागली की लोक जसा चेहरा करतात, तसा टर्लोनं केला. "मिसेस ब्रॅनिगन, माझ्या घरी चहाच्या कपावर आहे हो ते. खाली सही आहे त्याची. लोक काय म्हणतील, उसनं आणून लावलं?"

आता हा 'आपला तो लेखक' म्हणजे कोण, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. शंभरावर वर्षं झाली त्याला जाऊन. त्याच्या नाटकांना लंडनचे बडे लोक पोट धरधरून हसले आणि मग त्याच लोकांनी, त्यानं पुरुषावर प्रेम केलं म्हणून, त्याला तुरुंगात घातलं. परक्या गावात, हलाखीत गेला बिचारा. आता बागेत हिरवा कोट घालून खडकावर आरामात पहुडलाय, पुतळा होऊन. आणि डब्लिनात कुणी काही चटकदार बोललं की ते जातं त्याच्याच खात्यावर. मेल्यावर इतकं बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

लॉर्कन ब्रॅनिगन न्हावी होता. थॉमस स्ट्रीटवर दोन खुर्च्यांचं दुकान, मागे चहाची किटली. हात सोन्यासारखा, पण तोंडाचा अगदी गरीब. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. दुकान नवीन असताना एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मागून कसं काय दिसतंय?" लॉर्कननं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की मागे टक्कल पडायला लागलंय. तो माणूस उठला, गेला, तो गेलाच. पुढं तो समोरच्या फुटपाथवरून जायचा, टोपी घालून.

त्या संध्याकाळी चहा घेताना लॉर्कन खिडकीबाहेर बघत सहज ते वाक्य बोलून गेला. डिंफनाला असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर आला. लग्न होऊन सहा महिने झाले होते. आपण एका मुक्या, भल्या माणसाशी लग्न केलंय अशी तिची समजूत होती. त्या दिवशी तिला कळलं की हा मुका नाही, ह्याला ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं.

"दुकानात सांग की हे!" ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. खुर्चीतला म्हणाला, "तू कात्री चालव बाबा." लॉर्कनचे कान लाल झाले. आठवडाभरानं त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण आधी त्या लेखकावर ढकलत नुसतं इतकंच जोडलं, "आपला गडी म्हणतो ना..." दुकान हसून हसून आडवं झालं. एकानं तर ते सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतलं.

तेव्हापासून लॉर्कन सुटला. बायकांवर, पाद्र्यांवर, पावसावर, बसच्या रांगेवर रोज काहीतरी नवीन, आणि रोज ते 'आपल्या गड्याचं'. बसच्या रांगेवर तो लेखक काय बोलणार, कप्पाळ! पण कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. शनिवारी लोक केस वाढलेले नसतानाही येऊन बसायचे.

डिंफना चिडायची. "अरे, तुझं सोनं तू त्याच्या पदरात का टाकतोस? त्याला काय कमी आहे?"

लॉर्कन वस्तरा पुसत म्हणाला, "अगं, त्याच्या आडोशाला उभं राहिलं ना, की कुणी दगड मारत नाही. त्याच्यावर सगळे मारून झालेत."

डिंफनानं ते गुपित चाळीस वर्षं सांभाळलं. लॉर्कनची वाक्यं शहरभर फिरली, बाजारातल्या चहाच्या कपांवर नि टॉवेलांवर छापून आली, आणि लॉर्कन ती बघून गालात हसायचा. फुप्फुसाच्या आजारानं तो गेला, तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या. न्हावी, मनमिळाऊ, पश्चात पत्नी आणि मुलगी.

मनमिळाऊ! डिंफनाला तो शब्द असा झोंबला की तिनं पेपर चुलीत घातला.

त्याला जाऊन महिना झाला तेव्हाच्या प्रार्थनेनंतर सगळी जुनी गिऱ्हाइकं पबमध्ये जमली. एकेक जण लॉर्कनची आठवण सांगे, आणि प्रत्येक आठवणीत, "लॉर्कन म्हणायचा, आपला गडी म्हणतो..." डिंफना उभी राहिली आणि म्हणाली, "ती सगळी लॉर्कनचीच होती. एकूण एक." मग कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कुणीतरी शेरीचा ग्लास पुढं केला. "बस गं बाई. दुःखच तसं आहे."

मुलगी ब्रोना घरी आल्यावर रडकुंडीला आली. "आई, नको ना ते वाक्य. लोक हसतील. बाबा स्वतःच सांगायचे ना, त्याचं आहे म्हणून? मग तू एकटी काय सिद्ध करणार?"

तेही खरंच होतं. एकच साक्षीदार होता, आणि तोच आयुष्यभर उलटी साक्ष देऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी डिंफना बागेत गेली. त्या हिरव्या कोटवाल्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेली होती. समोर उभी राहिली. त्याचं ते अर्धं हसू, अर्धं दुखरं तोंड बघितलं आणि ठरवलेल्या शिव्या ती विसरूनच गेली. ह्यानं कुठं काय चोरलं होतं? एका लाजऱ्या न्हाव्याला ह्यानं आयुष्यभर पाठीशी घातलं होतं, तेही स्वतः मेल्यावर, काही न मागता.

"उपकार झाले तुझे," ती मोठ्यानं म्हणाली. बाकावरची बाई दचकली. "पण आता त्याला आडोसा नकोय. तो मेलाय. आता त्याचं त्याला परत दे."

तिथून ती तडक टर्लोकडे गेली. "वाक्य कोर. खाली लॉर्कन ब्रॅनिगन, न्हावी. दुसरं कुणाचंही नाव नको. लोकांना चोर म्हणायचं असेल तर मला म्हणू दे, मी जिवंत आहे ऐकायला."

दगड बसला आणि व्हायचं तेच झालं. चर्चच्या दारात बायका कुजबुजल्या. कुणीतरी थडग्यावर चिठ्ठी ठेवून गेलं, 'हे कुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत आहे.' डिंफनानं ती चुरगळून कोटाच्या खिशात टाकली आणि फुलं बदलली. दर रविवारी ती जायची, पाठ ताठ ठेवून. घरी आल्यावर मात्र रडायची. आपण त्याचं भलं केलं की त्याला मेल्यावर चोर ठरवलं, हेच तिला कळेना.

वसंतातल्या एका रविवारी दगडापुढं एक परदेशी जोडपं उभं होतं. पाठीला पिशव्या, विशीतली पोरं. मुलीनं वाक्य वाचलं आणि ती इतक्या जोरात हसली की तिनं घाबरून तोंडावर हात धरला.

डिंफनाला पाहून मुलगा ओशाळला. "माफ करा. हे त्या लेखकाचं आहे ना?"

"नाही," डिंफना म्हणाली. तिचा आवाज चिरका निघाला. "माझ्या नवऱ्याचं आहे. न्हावी होता तो."

आता तो चेहरा येणार, विधवांसाठी राखून ठेवलेला. तिनं मन घट्ट केलं.

मुलीनं दगडावरचं नाव पुन्हा वाचलं, अडखळत, तोंडातल्या तोंडात. मग वळून म्हणाली, "लॉर्कन. आणखी काय काय म्हणायचे ते?"

डिंफना थडग्याच्या काठावर मटकन बसली, फुलं मांडीवर तशीच. पोरं घाबरली. तिनं हातानंच त्यांना थांबवलं, डोळे पुसले, आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली, "बसा."