पितळेचा पिंजरा

मुलीची परीक्षा संपली आणि तिनं सांगलीत लागलेल्या एका कार्टून सिनेमाचा हट्ट धरला. सुपरहिरोंच्या कुटुंबाची गोष्ट होती. मी आधी नाहीच म्हटलं. मागं असल्याच एका सिनेमाला गेलो, तेव्हा कोण कुणाचा भाऊ आणि कोण आधीच्या भागात मेला, हे ती माझ्या कानात शेवटपर्यंत सांगत होती.

"मम्मी, हा कोरा करकरीत आहे. ह्याचा आधीचा भागच नाही!"

माझे सासरे, अब्बा, जन्मभर कुपवाडच्या एका कारखान्यात लेथ मशिन चालवून आता घरी बसले होते. ते म्हणाले, "मी बी येतो. एसीत जरा डोळा लागंल." मग माझ्या सासूबाई, अम्मीही निघाल्या. नवरा कुपवाडलाच त्याच्या स्वतःच्या कारखान्यात गेला होता.

सिनेमातल्या बापाच्या अंगात लोहचुंबक होतं. तो चिडला की घरातले चमचे, डबे, सायकली त्याला येऊन चिकटायच्या. आई एकाच वेळी दोन ठिकाणी असायची आणि दोन्हीकडे तिला कामच असायचं. आजीला गावभरचं ऐकू यायचं.

"ह्यात काय विशेष?" अम्मी माझ्याकडे वाकून म्हणाल्या. "मला नाही व्हय ऐकू येत?"

खोटं नव्हतं ते. साताऱ्याच्या माझ्या आईला मी फोनवर हळूच जे सांगायची, ते अम्मी मला जेवताना ऐकवायच्या.

अब्बा काही झोपले नाहीत. पडद्यावर ते कुटुंब जेवायला बसून भांडत होतं आणि मागच्या दारानं खलनायक आत शिरत होता. अब्बा उठून उभे राहिले. "आरं, मागं बघ की!" अख्खं थेटर हसलं.

खलनायकानं बापाला पिंजऱ्यात कोंडलं. बापानं जोर लावला, पण काहीच हललं नाही. "पितळ हाय ते," अब्बा म्हणाले, "चिकटणार न्हाई." आणि तेवढ्यात पडदा काळा पडला. मशिन बंद पडलं होतं. थेटरच्या माणसानं येऊन थांबायला सांगितलं.

कुणीच उठलं नाही. आता तो सुटणार कसा, यावर वाद सुरू झाला. अब्बांनी मागं वळून सगळ्यांना समजावलं, "पिंजरा पितळंचा असंना, बिजागरीची पिन लोखंडाचीच असणार. ती ओढली की दार निखळतंय."

"काका, लय भारी!" मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं ओरडली.

"तो कशाला ओढतोय?" अम्मींनी मध्येच तोंड घातलं. "त्याची आई ऐकतीय की सगळं. ती येतीय बघा."

झालं, थेटरात दोन तट पडले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी भडंगाचा डबा मागं दिला आणि अम्मींचा पक्ष घेतला.

पडदा उजळला. बापानं पिन ओढून बघितली. पिनही पितळेचीच! अब्बांनी कपाळावर हात मारला. मग बाप दमून खाली बसला आणि नुसतं ओठांतल्या ओठांत "आई" म्हणाला. तिकडं आजीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि चपला घातल्या. थेटरात टाळ्या पडल्या. अम्मींनी तेवढ्यात मागं वळून कॉलेजच्या पोरांकडे बघून घेतलं.

रिक्षात अब्बा घुश्शातच होते. "सिनेमा चांगला हाय. पिंजरा चुकीचा हाय. पितळंची पिन दोन दिसांत झिजंल." पण पुढच्याच आठवड्यात ते जुन्या कारखान्यातल्या तीन मित्रांना घेऊन पुन्हा तोच सिनेमा बघून आले. चौघं दारात चपला काढेपर्यंत भांडत होते.

मुलीनं विचारलं, "अब्बा, तुम्हाला कुठली शक्ती पाहिजे?"

"त्या आईची. एक मी हितं, एक मी कुपवाडला."

"आणि जेवायला दोघं बी घरीच येणार व्हय?" आतून अम्मींचा आवाज आला.

माझा नवरा हे सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी काढली आणि अब्बांना म्हणाला, "चला, बसा मागं. दुपारपर्यंत माझ्या कारखान्यात या जाऊन."

आता रोज संध्याकाळी तो माझ्यापाशी कुरकुरतो, की अब्बा कामगारांना काम सोडून सिनेमाच सांगत बसतात.