न झिजलेले बूट

लेकीला लहान झालेले बूट काल आवरताना सहज उलटे केले, तर तळ अगदी कोरे. सहा वर्षांच्या मीराचे पाय जन्मापासून ताठ. हे आधाराचे बूट तिच्या मापाने करून घेतलेले. इतर बाप मुलांचे बूट झिजतात म्हणून कुरकुरतात.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, "वेळ लागू दे, जिना तिलाच चढू द्या." मी मात्र रोज उचलून घ्यायचो. घाई आहे म्हणायचो. खरं तर शेजारी थांबून तिची धडपड बघत राहणं मला सोसत नसे. "बाबा, खाली ठेव ना, मला येतंय," ती खांद्यावरून सांगायची.

आज नवे बूट घालून तिला पहिल्या पायरीशी उभं केलं. तिने कठड्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात वर करून म्हणाली, "बाबा, उचल."