भिंत नसलेलं घर

फिलिबेर्तची जीभ इतकी तिखट, की आमचे पाद्रीबाबासुद्धा तिला पाहून वाट बदलायचे. नवरा खाणीत दगडाखाली गेला तेव्हा ती रडली नाही, पण मुकादमाला भर बाजारात असा झाडला की बिचारा महिनाभर मान खाली घालून फिरत होता. मी तिची शेजारीण दनीझ, लोहाराची बायको. आमचं रोज भांडण व्हायचं आणि रोज एकमेकींकडे सूपही जायचं.

तिचं मातीचं घर काउंटसाहेबांच्या जमिनीवर, त्यांच्या बागेच्या कडेला होतं. घर कसलं, एक खोली आणि एक शेळी. पण भिंतीतली चूल नवऱ्याच्या हातची होती, आणि तिच्यावर हंडी टांगायची लोखंडी साखळी. आमच्या गावात ती साखळी चुलीवर लोंबत असेल तरच घर मोजतात. हिवाळ्याच्या तोंडावर, संत मार्टिनच्या दिवशी, पंच घरोघर येऊन बघतात आणि गावच्या रानातला सरपणाच्या लाकडाचा वाटा देतात.

आणि साहेब पॅरिसहून डोक्यात खूळ घेऊन आले! म्हणे, आदिमाणसानं चार झाडं खांब म्हणून धरली, वर फांद्या टाकल्या, तेच निसर्गानं शिकवलेलं खरं घर. ग्रीकांच्या देवळांचे खांब, तुळया, त्रिकोणी माथा, सगळं त्यातूनच निघालं. बाकीची सजावट भ्रष्ट. फिलिबेर्तच्या घरानं त्यांच्या बागेचा देखावा बिघडत होता, म्हणून उन्हाळ्यात ते पाडलं आणि तिला बदल्यात दिली ती हीच झोपडी. चार जिवंत झाडं, वर पानांचं छप्पर.

"साहेब, भिंत घालायची राहिली," फिलिबेर्त म्हणाली.

"बाई, भिंत ही माणसाच्या गरजेतून आलेली चूक आहे."

"मग ती गरज मला आहे की! थंडी काय तुमच्या पुस्तकाला विचारून येते?"

साहेबांबरोबर आलेले पाहुणे खदखदून हसले. एक बाई म्हणाली, "अगंबाई, अगदी निसर्गाचं लेकरू!" उन्हाळाभर पाहुण्यांसमोर तिला सूत कातायची चाती घेऊन त्या खांबांमधे बसायला लावलं. हातातोंडाची गाठ पडावी म्हणून ती बसली.

पानं गळू लागली तशी मी म्हटलं, "ये की माझ्याकडे, मेले!"

"दुसऱ्याच्या चुलीशी बसले की माझं घर संपलं, दनीझ. लाकडाचा वाटा गेला, नाव गेलं. मी काय भिकारीण आहे?"

तिनं साखळी फांदीला टांगली आणि खाली तीन दगड मांडले. संत मार्टिनच्या आधी ती पुन्हा साहेबांकडे गेली. एकच भिंत द्या, चुलीपुरती, म्हणाली. साहेब खरंच दुखावले. "एका भिंतीनं सगळा विचार कोसळेल!" म्हणाले. त्याच वेळी त्यांचे माळी संत्र्यांच्या कुंड्या आत नेत होते. जाड भिंतींचं, काचेच्या खिडक्यांचं दालन, मधोमध शेगडी. थंडीनं संत्र्यांची पानं झडतात ना!

"मला त्यांच्यात ठेवा," फिलिबेर्त म्हणाली. मला वाटतं, आयुष्यात तिनं पहिल्यांदाच विनवणी केली असेल.

"तुझ्या चुलीच्या धुरानं झाडं काळी पडतील," साहेब म्हणाले.

मग पंच आले. आमचीच माणसं, तिच्या लग्नात जेवलेली. फांदीवरची साखळी वाऱ्यानं हलत होती. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"भिंत नाही, धुराडं नाही. हे घर नाही गं, फिलिबेर्त."

"साहेब म्हणतात, जगात हेच एक खरं घर आहे!" ती ओरडली. कोणी हसलं नाही. तिचा वाटा बाकीच्या घरांत वाटला गेला.

मग ती माझ्याकडे आली, साखळी खांद्यावर टाकून, खोकत. आता ना ती भांडायची ना सुपाला नावं ठेवायची. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाआधीच ती वारली. तिची साखळी मी माझ्या चुलीवर टांगली, माझ्या साखळीशेजारी.

वसंतात पाहुणे परत आले. रिकामी झोपडी बघून साहेब हळहळले म्हणे, बाईवाचून देखावा अपुरा दिसतो. काल त्यांचा माणूस माझ्या उंबऱ्याशी आला. "चाती घेऊन बसायचं, बस! उन्हाळ्यापुरतं."

माझ्या घराला दार आहे. ते मी त्याच्या तोंडावर लावलं.