सामंत मॅडमच्या वर्गात आलेलं जग

वाचनालयात पुस्तक आलं की त्याला नंबर पडतो, शिक्का बसतो, जागा मिळते. किस्स्यांचं तसं नसतं. ते कुठेही पडून राहतात आणि चार जुने विद्यार्थी भेटले की एकावर एक कोसळतात! आमच्या ओरोसच्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाचे तर इतके किस्से आहेत की सांगायला बसलं की चहा निवतो.

शनिवार-रविवारचा वर्ग. मी सावंतवाडीच्या एका शाळेत ग्रंथपाल. बाकीचे गावोगावच्या वाचनालयांतले. शिकवायला सामंत मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ग्रंथालय : जागतिक दृष्टिकोन'.

नांदगावकडचे दाजी राणे आमच्यात वयाने मोठे. ते उठले. "मॅडम, माझ्या वाचनालयाचा छप्पर गळता. त्यात जग आणून ठेवू खंय?"

मॅडम हसल्या. "शेवटचा वाचक कोण आला होता, दाजी?"

"आमची शेवंता काकी. तिचो झील बोटीवर आसा. ती नकाशाचा पुस्तक उघडून बसता. बोट खंय पोचली ता बघता."

"मग तिच्या मुलाच्या बोटीबरोबर जग तुमच्याकडे आधीच येतंय की! तुम्ही फक्त त्याला खुर्ची द्या."

"खुर्ची आसा," दाजी म्हणाले, "एक पाय नाय!"

* * *

एकदा मॅडमनी पडद्यावर परदेशातलं होडीतलं वाचनालय दाखवलं. बेटाबेटांवर पुस्तकं घेऊन फिरणारं. आम्ही सगळे "वा! वा!" करत होतो. दाजींनी हात वर केला.

"मॅडम, तेंच्या होडीत डिझेल कोण घालता?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मला माहीत नाही," म्हणाल्या आणि तिथल्या तिथे त्या वाचनालयाला मेल टाकला. आम्ही कधीच विसरलो होतो, तर एका शनिवारी उत्तर हजर. डिझेलची हकीकत होतीच, पण खाली एक ओळ होती: 'परदेशातले सगळे आमच्याकडे फोटो मागतात. डिझेलचं पहिल्यांदाच कुणी विचारलं!'

दाजी दिवसभर ताठ बसले होते.

* * *

वर्गीकरणाच्या तासाला दशावतारावरचं पुस्तक आलं. पद्धत परदेशी, कप्पे त्यांचे. हे धर्मात घालायचं की नाटकात? दाजी म्हणे धर्म. मालवणजवळच्या गावची सुलभा म्हणे नाटक. दोघं हमरीतुमरीवर!

मॅडम म्हणाल्या, "हे कप्पे करणाऱ्यांनी दशावतार पाहिला नव्हता, हा काही त्यांचा गुन्हा नाही. पण आपण पाहिलाय. आपण गप्प बसलो तर दोष आपला."

"म्हणजे तेंका जत्रेक दशावतार बघूक बोलवया?" दाजींनी विचारलं.

"बोलवूया. पण तोवर ते पुस्तक कुठेतरी ठेवा, तास संपला!"

* * *

मग तो व्हिडिओ कॉल. युरोपातल्या एका ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाशी गप्पा ठरल्या आणि नेमकी आमची रेंज गेली. मॅडम लॅपटॉप घेऊन निघाल्या, मागून आम्ही. वरच्या कातळाच्या सड्यावर एका काजूच्या झाडाखाली रेंज सापडली.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?

सुलभा पुढे झाली. "गणपती टाइम, मुंबई पीपल कम. टेक बुक. बुक गो मुंबई!"

"मग दंड?"

"नो फाइन! नेक्स्ट गणपती, पीपल कम, बुक कम!"

पलीकडे हशा पिकला. त्या बाई म्हणाल्या, "आम्ही नोटिसा पाठवतो, तरी येत नाहीत. तुमचा हा गणपती आम्हाला मिळेल का?"

* * *

आणि टेकराजची गोष्ट.

काही देशांत वाचनालयात माणूसही 'वाचायला' मिळतो, असं मॅडमनी शिकवलं होतं. समोर बसायचं, विचारायचं, ऐकायचं. सुलभाने ठरवलं, आपल्या गावात पहिलं पुस्तक टेकराज. नेपाळहून आलेला, आंब्याच्या बागेचा राखणदार. इतकी वर्षं गावात राहून नावाने त्याला कुणी हाक मारत नव्हतं. सगळ्यांचा तो 'गुरखा'.

वाचनालयाचे अध्यक्ष आबा भडकले. "गुरख्याक वाचूचा? लोक हसतले! फजिती झाली तर तुझी नोकरी गेली समज!"

सुलभाने रडवेल्या आवाजात मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "मी येते. हसले तर दोघींना हसतील."

रविवारी मीही गेले. टेकराज इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर. लोक दारातूनच बघत होते. आत कुणी येईना. सुलभाचा चेहरा उतरला.

तेव्हा मॅडम आबांकडे वळल्या. "पहिला मान अध्यक्षांचा."

मान म्हटल्यावर आबांना बसावंच लागलं.

"काय रे, तुझ्या गावाक आंबे होतत?"

"नाय आबा. सफरचंदा होतत. आवस बगता झाडां."

"आई एकटी?"

"एकटीच."

आबांनी खुर्ची पुढे ओढली. मग दोघांचे आवाज इतके खाली गेले की आम्हाला ऐकू येईना. दारातली माणसं हळूहळू आत आली, बाकावर बसली, आपली पाळी कधी येते बघू लागली.

बऱ्याच वेळाने सुलभा धीर करून म्हणाली, "आबा, वेळ संपली. बाकीचे वाचक थांबलेत."

आबा उठले, पण टेकराजचा हात त्यांनी सोडला नाही.

"थांबूदेत. ह्या पुस्तक माका घराक न्हेवचा आसा. जेवक."