वर की खाली?

फोन आला तेव्हा मी वाणगावच्या बाजारात होते, हातात भाजीची यादी. पलीकडून लखी म्हणाली, “सर गेले गं.” मी यादी उलटी केली आणि कुणाकुणाला कळवायचं ती नावं मागे लिहून काढली. नऊ नावं. घरी आल्यावर लक्षात आलं, ती मी बॅटिंगच्या क्रमाने लिहिली होती, लखीचं आणि माझंसुद्धा.

त्याला आता महिना झाला. रामजी सर तलासरीला आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. बेसबॉलचा सामना त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. रद्दीत मिळालेलं एक जुनं पुस्तक, एवढंच आमच्या मुलींच्या संघाचं भांडवल. त्यात अमेरिकेत खेळाडू पैसे घेऊन हा खेळ खेळू लागले त्या काळातल्या मोठ्या फटकेबाजांच्या याद्या होत्या. सर त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जणू ते इथेच चिंचणीला राहतात. “हातमोजे नाहीत, काही नाही! आणि बॅटवाला सांगायचा, वर टाक नाहीतर खाली टाक. फेकणाऱ्याला तसाच टाकावा लागायचा.” आम्हाला वाटलं, नियम असाच असतो. नरपडच्या आपल्या वाडीतले चिकूसुद्धा सर “वर की खाली?” विचारूनच आमच्याकडे फेकायचे.

डहाणूला पहिलाच सामना. लखी बॅट घेऊन उभी राहिली आणि समोरच्या मुलीला म्हणाली, “खाली टाक.” ती बिचारी गोंधळली, तिने खरंच खाली टाकला… आणि चेंडू कुंपणापलीकडे! आम्ही नाचत होतो. पंच सरांकडे आले. “हा कुठला नियम?”

“जुना आहे.”

“किती जुना?”

“शंभर वर्षांहून थोडा जास्त.”

पंचांनी ताकीद दिली, पण फटका धरला. तो सामना आम्ही जिंकलो, पुढचे दोनही जिंकलो. मग जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी शाळेतून एकच नाव मागवलं गेलं, सगळ्यात जास्त फटके मारणारीचं. हिशेबाची वही माझ्याकडे होती, आणि यादीत पहिली मीच होते. आनंदाने मला जेवण गेलं नाही.

सरांनी यादी दोनदा वाचली. फेकणाऱ्याने चार चेंडू चुकीचे टाकले की बॅट न फिरवता पहिला बेस, म्हणजे धावेतला पहिला टप्पा, मिळतो. पुस्तकातल्या एका हंगामात असा फुकटचा बेसही फटका म्हणून धरलेला होता, म्हणून आम्हीही धरत होतो. चेंडू सोडण्यात माझा हात कुणी धरला नसता. लखी मात्र दिसेल त्यावर बॅट फिरवायची.

“त्या लोकांच्या याद्या नंतर पुन्हा केल्या,” सर म्हणाले. “फुकटचे बेस काढून टाकले. नावं वरखाली झाली. ते तर मेलेले होते, त्यांना कोण विचारणार? तू जिवंत आहेस बाय, म्हणून विचारतो.”

मी वही घेऊन पायरीवर बसले आणि पुन्हा मांडणी केली. लखी पहिली, मी दुसरी. नाव मीच लिहून दिलं, आणि आठवडाभर सरांशी बोलले नाही. लखीची निवड झाली. तिने तिथेही असे फटके मारले की मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, राग कुठल्या कुठे गेला.

परवा आम्ही दोघी नरपडला सरांच्या घरी गेलो. काकूंनी सरांच्या वह्या पुढे ठेवल्या. सर निवृत्त होईपर्यंतच्या दरवर्षीच्या याद्या, आणि प्रत्येक पानावर शेवटी एक जादा रकाना: ‘सोडलेले चेंडू’. मी सगळी पानं तपासली, दोनदा. माझा आकडा कुणीही ओलांडलेला नाही.

“बघ,” लखी म्हणाली, “नुसतं उभं राहण्यात पहिली.” काकूंच्या टोपलीतला एक चिकू उचलून ती अंगणात गेली. “वर की खाली?”

“खाली,” मी म्हटलं.

तिने वर फेकला. मी सोडून दिला.